व्याह्यांच्या खिशातला खण

या, जरा जवळ सरका. दारातूनच 'बरंय ना काकू' म्हणून पळता, ही काय रीत झाली? बसा आता, ऐका. अख्ख्या ठाणे-डोंबिवलीत माझ्या व्याह्यांइतका नटवा माणूस नाही, आणि मला त्यांच्याइतकं कुणी जळवलेलंही नाही.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. डोंबिवलीला राहतात. मोहने गावच्या जुन्या कारखान्यात उभा जन्म धाग्याची प्रत तपासण्यात गेला, म्हणून असेल, पण कापड दिसलं की आधी बोटांत चोळून बघणार आणि मग 'कशा आहात' विचारणार. निवृत्त झाल्यावर माणसं लेंग्यात येतात, हे सुटात शिरले. भर मे महिन्यात, वीज गेलेली असताना, नौपाड्याला आमच्याकडे आंब्याची पेटी घेऊन आले तेही सुटात, आणि छातीच्या खिशातून जांभळ्या कापडाची तीन टोकं डोकावत होती. आमच्या यजमानांचा रुमाल असतो कॉलरच्या मागे, मानेचा घाम टिपायला. त्या रुमालाला घडी म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

"व्याही, रुमाल पडेल हो," मी म्हटलं.

"रुमाल नव्हे, विहीणबाई. रुमाल नाकाला. हा पॉकेट स्क्वेअर. नाक ह्याच्यापासून लांब ठेवायचं."

त्यात नियम किती! बँकेत जाताना सरळ पट्टी, लग्नाला तीन टोकं, आणि आजाऱ्याला भेटायला टोकं आत खोचून वर गोल फुगा, कारण टोकं बघून म्हणे पेशंट दचकतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पिवळा फुगा लावून आले. नर्सबाई नवीन होती, तिने मोठे डॉक्टर समजून माझी फाइलच त्यांच्या हातात दिली. व्याह्यांनी ती गंभीरपणे चाळली आणि म्हणाले, "ह्यांची चकली बंद करा." बंद झाली की हो खरंच!

हेही मी हसून सोडलं असतं, पण माझी नात फितूर झाली. आमच्या घराण्यात पदर लावावा तर मी. एकसारख्या सात घड्या, बोटभर रुंदीच्या, न मोजता. मी हात लावल्याशिवाय कुठली मुलगी हॉलवर गेलेली नाही. आणि ह्या नातीचा साखरपुडा ठरला तर माजिवड्याहून फोन करून मलाच सांगते, "आजी, तू दमू नकोस गं. पदर आबा करून देतायत. त्यांची इस्त्री पण काय भारी असते!" आबा म्हणजे हेच व्याही. 'बरं बाई' म्हणून फोन ठेवला. दोन दिवस घरात डाळ अळणी होती.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी दारात व्याही उभे. अंगात सूट, हातात पिशवी, पिशवीत नातीची साडी. खिशात हिरवी तीन टोकं, आणि मधल्या टोकावर बॉलपेनने लिहिलेलं, 'धा. जाऊ'. अक्षर माझं! आता तुम्हाला माहीतच आहे, ओटीचे खण कुणी शिवत नाही, ते घरोघर फिरतात. जिने दिला तिच्याच ओटीत परत जाऊ नये म्हणून मी कोपऱ्यात बारीक खूण करते. धाकट्या जावेकडून आलेला हा खण मी व्याह्यांच्या बायकोच्या ओटीत घातला होता, खूण खोडायची विसरून. शरमेने अर्धी झाले.

"अहो, ते लिहिलेलं..."

"वाचलं. तेच टोक मुद्दाम मधे घेतलं." मग हळूच म्हणाले, "ही कपाटभर खण मागे ठेवून गेली. चार वर्षं झाली. एकेक कापतो, कडा हाताने शिवतो आणि बरोबर नेतो. हिला बाहेर जायची फार हौस होती."

खरं सांगू? वाईट वाटलंच, पण त्याच्या आधी मी पुन्हा एकदा जळले. त्या गेलेल्या माउलीवर! माझ्या मागे माझ्या खणांनी आमच्याकडे पंखा पुसतील, खिशात कोण मिरवणार?

"विहीणबाई, मला चौकोन येतो," पिशवी पुढे करत व्याही म्हणाले. "पोरीला हो म्हणून बसलो. सात वेळा मोडला हा पदर. शिकवा."

मी लगेच हो नाही म्हटलं. आधी चहा केला, तोही सावकाश. मग पलंगावर साडी पसरली. घड्या मी घातल्या, इस्त्री त्यांनी फिरवली.

हॉलवर बायका पदर हातात धरधरून बघत होत्या. "आबांनी केलाय!" नात सांगत सुटली. व्याही मात्र खाकरले. "इस्त्री फक्त माझी. घड्या तुझ्या आजीच्या. मला जमल्या नाहीत."

नात आली आणि गळ्यातच पडली माझ्या. हवं ते मिळालं होतं मला. पण मनात आलं, एवढ्या लोकांत 'मला जमलं नाही' असं मला म्हणता आलं असतं का? नसतं आलं. घ्या, तिथेही पुढे गेले हे गृहस्थ.

आता नात लग्न होऊन बंगळूरला असते. साडी वर्षातून एकदा नेसली तर नेसली. व्याह्यांचं येणंही कमी झालंय. परवा फोन केला तर म्हणाले, "आता निमित्त काय सांगून येऊ, विहीणबाई?"

मी म्हटलं, व्याही, निमित्त कशाला लागतं हो? तुम्ही आला नाहीत तर मी जळू कुणावर? दुपारी चारनंतर मी घरीच असते. या लवकर.