वसमतला म्हटलेला ढावलो

मला बाईच आवडते, मी नवरा करणार नाही, हे याडीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. याडी म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीत आई. कापूस वेचता वेचता तिनं एवढंच विचारलं, "मग मी गेल्यावर तुला आपली म्हणणारं कोण?" मी म्हणाले, वसमतला आमची मंडळी आहेत.

मंडळी होती, खोटं नाही. बायकांवर जीव जडलेल्या बायका, पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, काही तृतीयपंथी. हळदीच्या एका गोदामामागच्या खोलीत आम्ही जमायचो, घरच्यांच्या नावानं बोटं मोडायचो, पोट धरून हसायचो. तांड्यावरची मात्र मी एकटीच. तुमच्याकडं घरोघरी दारू काढतात ना, असं कुणीतरी सहज विचारायचं आणि मीही हसून सोडून द्यायचे. त्या हसण्याचा मला तेव्हाही रागच यायचा.

मंडळींचा दरवर्षीचा कार्यक्रम ठरला. सगळं बघणारी ताई कुरुंद्याच्या बड्या शेतकरी घरातली, पण मनानं चांगली. ती म्हणाली, "ह्या टायमाला तांड्याचं बी काहीतरी पायजे. आपल्यात समदेच हायेत, हे दिसलं पायजे." मला काय आनंद झाला! मी म्हणाले, मी ढावलो म्हणते.

सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून जे गात रडते, तो ढावलो. लग्नाआधी मोठ्या बायका तो नवरीला शिकवतात. ऐकणाऱ्या बायका रडल्या नाहीत तर ढावलो वाया गेला म्हणायचा. मला तो कोण शिकवणार? याडीनंच शिकवला, चुलीपुढं बसून. मधेच तिचा आवाज फाटायचा, मग ती उगाच लाकूड आत सारायची. कार्यक्रमाच्या सकाळी तिनं स्वतःच्या लग्नातला आरशांचा घागरा पेटीतून काढून दिला.

स्टेजवर ढावलोच्या दुसऱ्याच ओळीला टाळ्या सुरू झाल्या, ठेक्यात. बोली कुणाला कळत नव्हती, आरसे तेवढे दिसत होते. पुढची माणसं उठून नाचायला लागली, शिट्ट्या आल्या. मी थांबले. हे रडायचं गाणं आहे, असं माइकवर सांगितलं, तर लोक आणखीच हसले. ताई जवळ येऊन हळूच म्हणाली, "रडकं नको गं आज. नाचायचं म्हन ना एखादं. लोकं किती खूश होऊन राहिले." आणि कुणीतरी स्पीकरवर नाचाचं गाणं लावलंसुद्धा. मी एक गिरकी घेतली. फोटो निघाले. घरच्यांनी हाकलून दिलं असतं तरी एवढं लागलं नसतं, कारण ही माणसं मी स्वतः निवडली होती.

संध्याकाळच्या एसटीनं परत आले. याडी फाट्यावरच उभी होती. घागऱ्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. "रडल्या का बाया?" तिनं विचारलं.

"सगळ्या रडल्या," मी म्हणाले.

"मग झालं. आता तू त्यांची. मला घोर नाही."

आणि मग, मुलगी सासरी धाडणारी आई रडते तशी, याडी माझ्या गळ्यात पडून रडली.