मास्तरांचा हात

माझी ताई गेली तेव्हा तिचा नवरा रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. मी म्हटलं, कसला धीर, दगड झालाय त्यांचा. हे मी भावजींच्या तोंडावरही बोलले, कारण त्यांच्याशी भांडायचा मेहुणीचा हक्क मी आयुष्यात कधी वाया घालवलेला नाही. ते नुसते "हं" म्हणाले आणि त्याच आठवड्यात दुकान उघडून कापायला उभे राहिले.

दुकान म्हणजे खाली एक लांबट खोली आणि वर राहतं घर. रस्त्याकडच्या काचेशी कापायचं टेबल, तिथे भावजी. त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. मागच्या भिंतीला तोंड करून ताईचं शिलाई मशीन. दोघांच्या मधे स्टुलावर मी, काजं-बटणं करायला. मास्तरांनी कापायचं आणि ताईने शिवायचं, असा तो संसार. एकमेकांकडे पाठ करून दोघं दिवसभर बोलत. एकदा ताईने विचारलं, "चहा घेणार का?" तर टेबलाशी माप द्यायला उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "नको, आत्ताच घेतला." ताई इतकी हसली की हातातली बाही तिला उसवून पुन्हा लावावी लागली.

ती गेली आणि मास्तरांचं बोलणं आटलं. मग जेवण आटलं. पट्ट्याला त्यांनी स्वतःच टोच्याने नवी भोकं पाडली. झोप म्हणाल तर नावाला. उजवा खांदा असा धरला की शर्ट घालताना आधी तो हात घालायचा आणि मग बाकीचं अंग. छातीवर कुणी तागा ठेवल्यासारखं होतं, असं एकदा म्हणाले आणि लगेच "गॅस असेल" म्हणून मोकळे झाले. माझी तऱ्हा निराळी. मला रडू येत नाही, राग येतो. दूधवाल्याचा, शेजारणीचा, न सांगता निघून गेलेल्या ताईचासुद्धा. सकाळी जबडा ठणकायचा, कारण झोपेत मी दात आवळत असायचे. माणूस एकच गेलं, पण त्यांचा खांदा धरला आणि माझा जबडा.

मशीनवर नवी बाई ठेवली. कमी बोलणारी, हाताला चोख. मला काही ती आवडली नव्हती, पण ताईच्या खुर्चीवर बसणारी कुठलीच बाई मला आवडली नसती, त्यामुळे त्या बिचारीला दोष नाही.

आणि तक्रारी सुरू झाल्या. आधी बँकेतले साहेब आले. "मास्तर, मी बारीक झालो का तुम्ही मला जाड समजलात?" शर्ट खरंच ढगळ होता. मग एका मुलीचा फ्रॉक परत आला, मग एक कोट. ज्या मास्तरांच्या दुकानातून वर्षानुवर्षं काही परत आलं नव्हतं, तिथे कोपऱ्यात परत आलेल्या कपड्यांचा ढीग लागला. मास्तरांनी मापं पुन्हा घेतली, ती बरोबर. खडूच्या रेघा तपासल्या, त्या बरोबर. मग ते नव्या बाईवर घसरले.

"बाई, तुमची शिलाई कुठेतरी चुकतेय."

"मी सगळ्या घेतात तेवढीच घेते, मास्तर." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पटत नसेल तर मी उद्यापासून येत नाही."

मी मधे पडले, तिला चहा पाजला, थांबवून घेतलं. मास्तरांनीही माफी मागितली, आणि ते तर फारच वाईट झालं. कारण मग त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं. माझे डोळे गेले, माझा हात गेला, आता मी कापायच्या लायकीचा राहिलो नाही, असं चालू झालं. एक दिवस मोठी कात्री तेल लावून, फडक्यात गुंडाळून त्यांनी खणात टाकली. दुकान भाड्याने द्यायचं ठरलं. रविवारी एक माणूस जागा बघायला येणार होता.

मी घाबरले. हा माणूस दुसरं काहीच करत नाही हो. पत्ते नाहीत, फिरणं नाही, मित्र म्हणाल तर इस्त्रीवाला, तोही भांडायला. कापणं काढून घेतलं तर हे वर खोलीत भिंतीकडे बघत बसतील आणि वर्षाच्या आत ताईच्या मागोमाग जातील, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं. छातीचा ईसीजी ठीक, डोळे ठीक, हाताच्या नसा ठीक. वजन उतरलेलं, रक्तदाब चढलेला.

"मग यांना झालंय तरी काय?" मी विचारलं.

"बायको गेलीय ना त्यांची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मनाला कळतं हो, पण शरीराला ते लवकर कळत नाही. ते आपलं त्या माणसाला धरूनच चालत राहतं आणि मग थकतं. ही सोंगं नाहीत." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "रडलात का कधी?"

"वेळ झाला नाही," मास्तर म्हणाले. जणू हातात दुसऱ्याचं काम आहे, तेवढं उरकून बघतो, अशा सुरात.

"आणि कापण्यातल्या चुका?" मी विचारलं.

"ते मला कसं सांगता येईल? मला बटणसुद्धा धड लावता येत नाही." गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं. डॉक्टरीणबाई मला पटल्या, पण घरी येईपर्यंत मी चिडलेलीच होते.

शनिवारी मी परत आलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसले. दुकान बंद करायचं तर करा, पण लोकांचे कपडे नीट करून द्यायचे. साहेबांचा शर्ट उसवला, आत घेतला. फ्रॉक उसवला, आत घेतला. कोटाला आले आणि हात थांबला. प्रत्येक कपडा मी सारखाच आत घेत होते, प्रत्येक शिलाईला अर्धं पेर. ना कमी, ना जास्त. हात गेलेल्या माणसाचं एकीकडे बोटभर चुकेल, दुसरीकडे सुतभर. हा हात तर पट्टीने आखल्यासारखा चुकत होता.

मी उठले आणि खुंटीवरचा माझा जुना कोट काढला. कापलेला मास्तरांनी, शिवलेला ताईने. त्याची कडेची शिलाई मी उसवली. आत कापडाची ही एवढी रुंद पट्टी दाबलेली, नव्या बाईच्या शिलाईपेक्षा अर्धं पेर जास्त.

मग आठवलं. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं दोघं यावरून कडाकडा भांडत. ताई आत भरपूर कापड दाबायची. म्हणायची, माणसं वाढतात, पोरं वाढतात, पुढे सोडायला नको? कपडे घट्ट व्हायचे, मास्तर आरडाओरडा करायचे, ती ढिम्म. मग ते भांडण कधीतरी आपोआप बंद झालं. ताईला वाटायचं, तिचं म्हणणं त्यांना पटलं.

मी दोन्ही कोट घेऊन वर गेले आणि त्यांच्या मांडीवर टाकले.

"भावजी, हात गेला म्हणता ना? बघा हा हात. अजून तिच्याच शिलाईला कापतोय."

त्यांनी उसवलेली कड अंगठ्याने चाचपली.

"ऐकायचीच नाही ती," ते म्हणाले. "मग म्हटलं, मीच रेघेबाहेर जास्त सोडून कापतो. पुढे कापताना लक्षातही राहिलं नाही, धाकटे."

"तिला सांगितलं होतं?"

"कशाला? खूश होती."

ते उठले. "उद्या येणाऱ्याला कळव, दुकान द्यायचं नाही." खाली येऊन त्यांनी फडक्यातून कात्री काढली आणि नव्या बाईसमोर चिंधीचे दोन तुकडे ठेवले. "बाई, हे जोडून दाखवा. तुमच्या सवयीने." तिने जोडले. त्यांनी तिची शिलाई मापली, नवं कापड अंथरलं, रेघ ओढली आणि कात्री त्या रेघेच्या जवळून घातली, आजवर कधी घातली नसेल इतक्या जवळून.

इतके दिवस चुकीचं कापताना जो हात एकदाही हलला नव्हता, तो आता बरोबर कापताना थरथरायला लागला. काप वाकडा गेला. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि काचेसमोर, भरदिवसा, मोठ्याने रडायला लागले. मी पुढे होणार, तर माझाच जबडा सुटला आणि मीही तिथेच स्टुलावर बसून रडले.

रस्त्यावरून जाणारे थबकून बघू लागले. नव्या बाईने आमच्याकडे वळून पाहिलं नाही. तिने आमचं रडणं बुडेल इतक्या जोरात मशीन चालवायला सुरुवात केली, सुईखाली कापड नव्हतं तरी. असं रिकामं चालवलं की दोरा आत गुंततो आणि सोडवताना जीव जातो, हे तिला चांगलं माहीत होतं. ती चालवतच राहिली.