समुद्राकाठची हजेरी

माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी बंगालच्या उपसागराचा अंदाज सांगत, आणि तो सांगताना माणसांवर ओरडत. चेन्नईत तिरुवान्मियूरला आमच्या घरामागेच कुप्पम, म्हणजे तिथला कोळीवाडा. तिथे एका संस्थेने आपल्या कचेरीच्या गच्चीवर भोंगा बसवला होता. हवामान खात्याकडून आलेला वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, होड्या न्यायच्या की नाही, हे त्यावरून वाचून दाखवायचं. आधी एक मुलगी गोड आवाजात वाचायची आणि कुणी ढुंकूनही बघत नसे. शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या सासूबाईंनी, वसंताम्मांनी, ते दोन दिवस ऐकून घेतलं. मग पायात चपला सरकवल्या, तरातरा गेल्या आणि माइकच ताब्यात घेतला.

कुप्पमजवळच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. त्यामुळे होडीवर जाणारे निम्मे बाप्ये त्यांच्या हातचा मार खाल्लेले. 'लाटा तीन मीटर' एवढंच कोरडं सांगणं अम्मांना पटत नसे. "कन्नियप्पा, तुझ्या खांद्यावर तुझी बायको उभी राहिली तरी तिचा अंबाडा भिजेल," असं त्या तमिळमधून सुनवायच्या आणि सगळा किनारा हसायचा. कन्नियप्पा हा त्यांचा सगळ्यात नाठाळ विद्यार्थी. आता पोट सुटलेला, दोन होड्यांचा मालक, पण अम्मांच्या लेखी अजून मागच्या बाकावरचाच.

धोक्याचा इशारा आला की अम्मा भोंग्यावरून चक्क हजेरी घ्यायच्या. एकेकाचं नाव पुकारायचं आणि त्याने वाळूवरून ओरडायचं, "उळ्ळेन्, टीचर!" तिकडच्या शाळेत मुलं 'हजर' म्हणतात ते असं. ज्याचं उत्तर आलं नाही त्याची बायको कमरेला पदर खोचून त्याला शोधायला निघायची, मग पुढचं काम अम्मांना उरत नसे.

मी साताऱ्याची. विजयेंद्राशी लग्न करून या तंजावरी मराठी घरात आले. माझं तमिळ भाजीवालीशी भांडण्यापुरतं, तेही हरण्यापुरतं. पहिल्या महिन्यातच मी अम्मांना विचारलं होतं, एवढं ओरडायचं कशाला? तर म्हणाल्या, "ऐक गे क्षमा, समुद्रास काय सांगायाचें? तो ऐकत नाहीं. माणसांस सांगायाचें." मी मनात म्हटलं, माणसं तरी कुठे ऐकतात! रोज संध्याकाळी भाजी चिरताना तो आवाज कानावर पडायचा आणि तो पडला नाही की मलाच चुकल्यासारखं वाटायचं.

त्या डिसेंबरात मात्र अंदाजाने अम्मांना तोंडघशी पाडलं. दोनदा वादळ चेन्नईकडे निघालं आणि दोन्हीदा ऐनवेळी आंध्राकडे वळलं. इथे समुद्र दुधावरच्या सायीसारखा गप्प, आणि सगळ्यांचा धंदा बुडालेला. कन्नियप्पा दारात येऊन म्हणाला, "टीचर, माझं गणित चुकलं की तुम्ही शून्य द्यायचात. या हवामानवाल्यांना काय देणार?" अम्मा हसल्या खऱ्या, पण त्या रात्री धड जेवल्या नाहीत. पोरांचा विश्वास उडाला तर खरं वादळ येईल तेव्हा काय, हेच त्यांच्या मनात घोळत होतं.

त्यात तंजावरला पुतणीच्या लग्नात आचाऱ्यांवर ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. घशातून नुसती हवा! आणि नेमका त्याच आठवड्यात, सकाळीसकाळी, तिसरा इशारा आला. दुपारनंतर वारा, लाटा चार मीटर. बाहेर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ आणि किनाऱ्यावर होड्या ढकलायला माणसं जमलेली. वाचणारी मुलगी गावी गेलेली. मी विजयेंद्राला पेरुंगुडीच्या ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "अम्माला विचार." अम्मांनी माझं मनगट धरलं आणि मला माइकपुढे नेऊन बसवलं.

मी अडखळत तमिळमधून इशारा वाचला. खाली आधी पोरं हसली, मग बाप्ये हसले. एक होडी पाण्याला लागली, तिच्यामागे दुसरी. मी पुन्हा वाचलं, आवाज चढवून. तिसरी होडी हलली. मला रडूच कोसळणार होतं. ही सगळी माणसं ओळखीची, यांच्या बायका मला रस्त्यात थांबवून मोगरा देणाऱ्या, आणि माझ्या मोडक्या तमिळपायी ती वादळात जाणार!

अम्मांनी टेबलावर टकटक केलं. वर्ग गप्प करताना करतात तसं.

मी कागद बाजूला ठेवला. "अय्यनार!" मी ओरडले. शांतता. "मुरुगेसन! सेल्वम!" नावं मला पाठ होती. इतकी वर्षं भाजी चिरताना दुसरं काय ऐकलं होतं मी? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "अय्यनार!"

"उळ्ळेन्, टीचर!" कुणीतरी थट्टेने ओ दिली. खसखस पिकली. पण मग मुरुगेसन बोलला, मग सेल्वम. एकेक करत माणसं होड्या सोडून वाळूवर आली. शेवटी एकच होडी उरली. "कन्नियप्पा!" उत्तर नाही. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "कन्नियप्पा, आठवीत नापास!"

ते अम्मांचंच वाक्य होतं. सगळा किनारा त्याच्याकडे बघायला लागला. त्याची बायको कमरेला पदर खोचून पाण्यात शिरलीच. कन्नियप्पाने होडीतून उडी टाकली आणि छातीभर पाण्यातून दोन्ही हात वर करून ओरडला, "उळ्ळेन्, टीचर! उळ्ळेन्!"

दुपारी तीनच्या सुमाराला वारा सुटला. लाटा रस्त्यापर्यंत आल्या आणि वर ओढून ठेवलेल्या होड्या दोरांनी बांधाव्या लागल्या. माणूस एकही पाण्यात नव्हता. अम्मा खिडकीत उभ्या राहून ते बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मलाही आवरलं नाही.

आठवड्याभराने त्यांचा घसा सुटला आणि भोंगा पुन्हा गरजला. समुद्र शांत, वारा मंद, होड्या न्यायला हरकत नाही. हजेरीचं काही कारणच नव्हतं. तरी अम्मा थांबल्या, खाकरल्या आणि शाळेतल्या त्या करड्या आवाजात एकच नाव पुकारलं.

"क्षमा!"

माझे हात डोशाच्या पिठाने भरलेले. तशीच गॅलरीत धावले आणि अख्ख्या कुप्पमला ऐकू जाईल अशी ओरडले, "उळ्ळेन्, टीचर!"