डिझेलवर चालणारं घर

पुणे सोडलं तेव्हा आमच्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि ह्यांची चित्रं काढायची फळी एवढंच होतं. हे एका वसतिगृहाचे रेक्टर होते. निवृत्त झाले तशा तिथल्या खोल्याही सोडाव्या लागल्या. पुढे कुठं राहायचं, याचं ह्यांचं उत्तर तयार होतं. गाडीतच राहायचं, गावोगावची देवळं बघत आणि त्यांची चित्रं काढत हिंडायचं. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही. "आधी गाडी तर बघू," एवढंच मी म्हणाले.

जेऊर स्टेशन मागे पडलं आणि रेल्वेच्या खिडकीबाहेर नुसती काळी जमीन आणि उभी ज्वारी दिसू लागली. सोलापुरात भवानी पेठेत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, घराघरांतून मागांची खडखड ऐकू येत होती. तिथल्या नरसय्या नावाच्या चादरींच्या व्यापाऱ्यांना दोन जुन्या गाड्या विकायच्या होत्या. एक पेट्रोलची वॅगन, मऊ गाद्यांची, चालताना आवाजसुद्धा न करणारी. दुसरी डिझेलची व्हॅन, गठ्ठे वाहून पोचे आलेली, आणि इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध.

"वॅगन आरामाची हाय, ताई," नरसय्या म्हणाले, "पन पेट्रोल लई पिती. व्हॅन थोडक्यात लांब नेती. दिवसभर फिरवून बघा की."

पेट्रोल त्या वर्षी भडकलेलं होतं. ह्यांच्या पेन्शनीत वॅगन घेतली असती, तर ती दारात उभी करूनच ठेवावी लागली असती. आम्ही व्हॅन घेऊन अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो.

इंजिनाच्या धगीनं माझी पावलं भाजत होती. आवाज तर असा, की शेजारी बसूनही एकमेकांचं बोलणं कळेना. गावाबाहेर बरंच लांब आल्यावर मागचं दार उघडलं आणि आमची वळकटी रस्त्यावर पडली. मी ओरडले. हे समोर बघत चालवत राहिले. मी पुन्हा ओरडले, शेवटी त्यांचा दंड धरून हलवला, तेव्हा कुठं गाडी थांबली. मला भीतीच वाटली. उरलेलं सगळं आयुष्य ह्यांच्याशेजारी बसून असं न बोलता काढायचं?

परत फिरलो. लिंबाखाली एक बाई आमच्या वळकटीवर हात ठेवून बसल्या होत्या. नाव गंगव्वा. शेत त्यांचंच.

"तुमचंच न्हवं का हे?"

"आमचंच."

"बर्री (या), सावलीत बसा. भाकरी खावा."

कडक भाकरी (वाळवून कुरकुरीत केलेली), शेंगांची चटणी आणि दही. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "घर कुटं तुमचं?"

हे व्हॅनकडे बघत म्हणाले, "हेच करायचं म्हणतोय."

गंगव्वांनी आत डोकावून पाहिलं. हसल्या नाहीत. "चूल बाहीर मांडा. आत लई उकडंल," म्हणाल्या आणि भांडी आवरायला गेल्या.

आम्ही दोन्ही दारं उघडी टाकली. वारा आरपार वाहू लागला. हे आतल्या फळ्यांवर आडवे झाले आणि बघता बघता झोपले. खोल्या सोडाव्या लागणार हे कळल्यापासून मी त्यांना असं गाढ झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी बाहेर बसून राहिले. वॅगनमध्ये ह्यांना पाय पसरता आले नसते, हेही तेव्हाच लक्षात आलं.

परतताना सोलापूर दिसू लागलं तशी मी ह्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

"काय गं, काय पडलं?"

"काही नाही. हीच घेऊ."

"आणि हा आवाज?"

"बोलायचं असेल तेव्हा थांबायचं."

किल्लीला हात लावायला ह्यांना बराच वेळ लागला.

पुढची कितीतरी वर्षं आम्ही त्या व्हॅनमध्ये राहिलो. डिझेल फार थोडं लागलं. त्यातलं निम्मं श्रेय इंजिनाचं. उरलेलं, आम्हा दोघांना एकमेकांशी सारखं काही ना काही बोलायचं असे, त्याचं.