स्टँड नसलेली गाडी

ती गाडी घरी आली त्या संध्याकाळी पप्पांनी ती जिन्याखाली लावली आणि स्टँड कुठे आहे म्हणून वाकून पाहिलं. स्टँड नव्हताच. त्यांनी हात काढून घेतला तरी गाडी पडली नाही. दोन चाकांवर तशीच उभी राहिली. हँडल तेवढं बोटभर डावीकडे आणि मग बोटभर उजवीकडे वळत होतं, दावणीला उभ्या जनावराचं अंग हलतं तसं. मम्मी हळद-कुंकू घेऊन आली होती. तिनं कुंकवाचं बोट टेकवताच गाडी त्या दाबानं जराशी मागं सरली आणि परत जागेवर आली. मम्मीनं हात मागं घेतला.

"जिती हाय का काय ही?"

"बॅलन्स करती," पप्पा म्हणाले.

"रातभर अशीच उभी ऱ्हाणार?"

"हाव."

"मग दाराला आतून कडी लावत जा."

पप्पा हसले. मला हसू आलं नाही. मी त्या हँडलकडे बघत होते.

लातूरमध्ये पप्पांचं तीस वर्षं मोटरसायकलचं गॅरेज होतं. दुरुस्त झालेली गाडी ते स्वतः चालवून बघायचे आणि मगच मालकाच्या हातात द्यायचे. मिस्त्रीनं ट्रायल मारली म्हणजे गाडी झाली, असं लोक म्हणायचे. पुढे गाड्या बदलल्या. लॅपटॉप जोडल्याशिवाय त्यांना काय होतंय ते कळेना आणि गॅरेज ओस पडलं. अशात एमआयडीसीतल्या एका शेडमधून निरोप आला. तिथे एक छोटी कंपनी पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रस्त्यावर येतील अशा मोटरसायकली बनवत होती. त्यांना इंजिनिअर नको होते, इथल्या रस्त्यांवर आयुष्य काढलेले चालवणारे हवे होते. लातूर-नांदेड रस्त्यासाठी त्यांनी पाच जण घेतले. पप्पा त्यातले एक.

पहिल्या दिवशी मीही शेडमध्ये गेले होते. तिथला इंजिनिअर पुण्याचा होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल.

"काका, तुम्ही फक्त रोजच्यासारखी चालवायची," तो म्हणाला. "ती तुमच्याकडून शिकेल. पुढच्या पिढीला सिग्नलला पायसुद्धा टेकवावा लागणार नाही. हँडलही नसेल कदाचित."

"मग वर माणूस कशाला बसवायचा?"

"माणसाला कुठेतरी जायचं असतं ना, काका."

मी तिथे गेले होते ती फॉर्मसाठी. चालवणाऱ्यानं रोज संध्याकाळी मोबाईलवर एक फॉर्म भरायचा होता आणि तो इंग्रजीत होता. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे घरातला कुठलाही इंग्रजी कागद आपोआप माझ्याकडे येतो. मला लोकांशी बोलायला जमत नाही, पण कागद भरायला जमतं. पप्पा हातपाय धुऊन चहा घेत बसायचे आणि मी ओट्याला टेकून प्रश्न विचारायचे. ब्रेक कसा होता, खड्डे किती लागले, पाठ दुखली का. अठरावा प्रश्न असा होता, की आज गाडी चालवताना तुमचं लक्ष कधी पूर्णपणे सुटलं का. पप्पांना असलं काही विचारणं मला बरं वाटेना. त्या प्रश्नाला आलं की मी विचारायचे, "बाकी सगळं ठीक ना?" ते म्हणायचे, "ठीक." आणि मी 'नो'वर टिक करायचे. त्या प्रश्नाचं भाषांतर मी एकदाही केलं नाही.

अहमदपूरच्या पुढे रस्त्याकडेला एका बाभळीखाली शेंदूर लावलेला दगड आहे. मसोबा. तिथे पप्पा वेग कमी करतात आणि उजवा हात छातीला लावतात. हे मी लहानपणी त्यांच्यापुढे पेट्रोलच्या टाकीवर बसायचे तेव्हापासून बघत आलेय. पंधरा दिवसांत ती गाडी तिथे आपोआप मंदावायला लागली. पप्पांना याचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर काही दिवसांनी त्या पाचांतले उदगीरचे एक काका घरी आले. पूर्वी ते मोंढ्यात धान्याचे नमुने घेऊन मोटरसायकलवर फिरायचे. चहाचा कप हातात धरून ते पप्पांना म्हणाले, "मिस्त्री, तुमचा मसोबा माझ्या गाडीत येऊन बसलाय."

"म्हणजे?"

"मी काय तिथं हात जोडत न्हाई कधी. पर गाडी बाभळीपाशी आली की गप व्हती. काल मी म्हणलं, चल गं बाई. ऐकंना. बाभूळ मागं टाकली तवा कुठं पळाली."

पप्पा मोठ्यानं हसले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये विचारलं तर इंजिनिअर म्हणाला, चार्जिंगला लागल्या की या गाड्या दिवसभरात शिकलेलं एकमेकींना देतात. त्या रात्री मला कितीतरी वेळ त्या दगडाचाच विचार येत होता. चाळीस वर्षांनी रस्ता रुंद होईल, बाभूळ जाईल, दगडही कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवील. आणि हजारो गाड्या रिकाम्या माळावर त्या एका जागी मंदावतील. वर बसलेली माणसं एकदा मान वर करून बघतील आणि परत आपल्या मोबाईलमध्ये डोकं घालतील. लातूरच्या एका मिस्त्रीचा हात तिथे छातीला जायचा, हे गाडीलाही माहीत नसेल.

सुरुवातीला हँडलवरचे हात ढिले पडले की गाडी पिकपिक वाजायची. मग हिरवं बटण दाबायचं, म्हणजे मी आहे असं तिला कळायचं. पप्पा वैतागायचे, "लई किरकिर करती." महिन्याभरात ते वाजणं बंद झालं. "आता वळखायली मला," पप्पा म्हणाले, आणि तेही मी फॉर्ममध्ये लिहिलं.

मग माझं नांदेडला विद्यापीठात मार्कशीटचं काम निघालं आणि मी त्यांच्या मागे बसून गेले. काम लवकर झालं. दुपारी परत निघालो. लोहा मागे पडलं. ऊन स्वच्छ होतं, दोन्हीकडे हरभरा उभा होता. त्या गाडीला आवाज नाही, फक्त टायर रस्त्याला घासतात तेवढंच ऐकू येतं. मी पप्पांना विचारलं, "पाणी प्यायचं का?" ते काही बोलले नाहीत. हेल्मेटमुळे ऐकू गेलं नसेल, असं मला वाटलं.

पुढे उसाची ट्रॉली होती. गाडीनं इंडिकेटर दिला, समोरून येणारी एसटी जाऊ दिली, मग ट्रॉलीच्या उजवीकडून पुढे निघाली आणि पुन्हा आपल्या बाजूला आली. हे सगळं अगदी पप्पांच्या पद्धतीनं झालं. ट्रॉली मागे टाकताना ते खांदा थोडा आत घेतात. गाडीही तितकीच आत झुकली. तेव्हा मला त्यांचे हात दिसले. दोन्ही हात मांड्यांवर होते, तळवे वर करून.

मी आरशात बघितलं. हेल्मेटची काच वर होती. त्यांना झोप लागली असावी अशी माझी अपेक्षा होती, पण डोळे उघडे होते. ते रस्त्याकडे बघत होते आणि हलत नव्हते. मी मनात वीसपर्यंत मोजलं. पापणी लवली नाही.

हाक मारायला हवी होती. मी नुसती सीटमागची धरायची कडी दोन्ही हातांनी घट्ट आवळली. गाडी हळूहळू मंदावली, रस्त्याच्या खाली उतरली आणि एका लिंबाच्या सावलीत उभी राहिली.

बऱ्याच वेळानं पप्पा म्हणाले, "का थांबवली?"

"मी नाही थांबवली."

"मग मी थांबवली?"

त्यांनी आपले हात मांड्यांवरून उचलून हँडलवर ठेवले. जरा वेळ त्या हातांकडेच बघत बसले. मग म्हणाले, "पुढं चहा घिऊ."

त्या संध्याकाळी अठराव्या प्रश्नाला मी 'यस'वर टिक केली. खालच्या चौकटीत सगळं लिहिलं. हात कुठे होते, डोळे कसे होते, ट्रॉली कुणी मागे टाकली. पप्पांना काही सांगितलं नाही. फॉर्म वाचला की कंपनीच त्यांना थांबवील, मला बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी कुणाचा फोन आला नाही. पप्पा जॅकेट घालून नांदेडला गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. ते परत येईपर्यंत मी गॅलरीत उभी होते. गल्लीच्या तोंडाशी गाडी दिसली तेव्हा ते मला हात करत होते की त्यांचे हात नुसते मोकळे होते, मला कळलं नाही.

मी इंजिनिअरला फोन केला. नंबर लावायलाच मला अर्धा तास लागला.

"हो, वाचलं मी," तो म्हणाला. "फार बारकाईनं लिहिलंय तुम्ही. थँक्स."

"मग?"

"आम्हाला ते दिसतंच आहे. हँडलला सेन्सर असतात ना. काका हल्ली अर्धा रस्ता चालवतच नाहीत."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"असं बघा, चालवणारा नसताना गाडी कशी वागते हा डेटा मिळणं सगळ्यात अवघड असतं. मुद्दाम कुणाला तसं बसवता येत नाही. आणि गाडी सांभाळतेय ना त्यांना." मग जरा उत्साहानं म्हणाला, "त्या दिवशी ती थांबली ती तुमच्यामुळे. मागच्या कडीवरची पकड एकदम वाढली होती. घाबरलेलं माणूस मागे बसलं तर काय करायचं, ते आता पाचही गाड्यांना येतं."

मी फोन ठेवला. मी घाबरते हे मी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा दारात बसून हेल्मेटची काच पुसत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पप्पा, गाडी तुम्ही चालवत नाही."

"कोण म्हणलं?"

"मी बघितलं. लिहिलं पण आहे."

"काय लिवलं? वाच."

मी मोबाईलवरून वाचलं. एकेक ओळ मराठीत सांगितली, काही गाळलं नाही. आधी अठरावा प्रश्न सांगितला आणि मग आजवर त्याला मी काय उत्तर देत होते तेही. ते काच पुसायचे थांबले.

"झोप न्हाई ती," ते म्हणाले. "मी जागाच असतो. पहिल्यांदा काय झालं, वळण आलं अन् माझ्या आधी हात वळले. मग हात काढून बघितले. तरी वळण माझ्यासारखंच घेतलं. तवापासून पुढं मीच बसून चालवायलोय अन् मागून मीच बघायलोय, असं वाटायलंय."

"भीती नाही वाटत?"

"वाटली की. मग वाटंना झाली." त्यांनी आवाज खाली आणला. "आता जेवतानी बी होतंय कधी. घास कोण उचलायलंय, कळत न्हाई."

आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मम्मी पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"सोमवारी मी तीन हाका मारल्या," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याकडं बघतच हुते. मला वाटलं, रागावले. द्या ती गाडी परत."

"परत दिऊन मी काय करू?" हे त्यांनी मम्मीला विचारलं नाही, मला विचारलं. "तीस वर्षं झाली, ट्रायलशिवाय मला दुसरं काय येतं?"

मी म्हणाले, "शेडपर्यंत मी येते बरोबर."

"मी बसणार न्हाई हिच्यावर," पप्पा म्हणाले. "बसलो की नांदेडलाच जाईन."

म्हणून आम्ही चालत निघालो. पप्पा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये गाडी. तिला कुणी हात लावला नव्हता. हॉटेलसमोर बसलेल्या एकानं विचारलं, "मिस्त्री, गाडीला फिरवून आणायलाव का?"

"हाव. घरात बसून अवघडली हुती."

लोक हसले. पप्पाही हसले. पण मला काहीतरी वेगळंच दिसत होतं. पप्पांचा उजवा गुडघा दुखतो, दर दुसऱ्या पावलाला ते किंचित थांबतात. गाडीही दर दुसऱ्या पावलाला किंचित थांबत होती. मी चालण्याचा वेग वाढवून बघितला. ती माझ्याबरोबर आली नाही, त्यांच्याबरोबरच लंगडत राहिली. पप्पांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

शेडमध्ये एका कागदावर सही करायची होती. मी तो अथपासून इतिपर्यंत त्यांना मराठीत वाचून दाखवला. इंजिनिअर घड्याळ बघत होता. आतापर्यंत शिकलेलं सगळं कंपनीकडे राहील, असं त्यात लिहिलं होतं. "म्हणजे मी इथंच ऱ्हाणार," पप्पा म्हणाले आणि त्यांनी सही केली. मी नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती, ती इंजिनिअरसमोरच पप्पांना सांगितली.

बाहेर येऊन रिक्षा केली. पप्पांनी समोरची दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पहिला स्पीडब्रेकर गेला, काही झालं नाही. दुसऱ्याला रिक्षा उडाली आणि उडाल्यावर, जरा उशिरानंच, त्यांचा उजवा पाय रिक्षाच्या पत्र्यावर दाबला गेला, ब्रेक दाबतात तसा.

मग त्यांनी दांडी न सोडता रिक्षावाल्याला सांगितलं, "सावकाश घे की, बाबा. मागं माणसं हायत."