कोरा हात

आमच्या दवाखान्यात टीबी वॉर्डात नेमणूक व्हायची ती हात बघून. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कातडीत थेंबभर औषध टोचायचं आणि तीन दिवसांनी तिथला फुगवटा पट्टीने मोजायचा. त्याला मॉन्टू टेस्ट म्हणत. हात चांगला फुगला तर जंतू कधीतरी आत शिरून झोपून राहिलेत असं समजायचं. खोकला नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. अशा माणसाला आमच्याकडे ‘पक्का’ म्हणत आणि त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय म्हणून सरळ टीबी वॉर्डात पाठवत. ज्याचा हात फुगत नसे तो ‘कोरा’. त्याला त्या वॉर्डात घेत नसत. या पद्धतीत काही चुकतंय असं तेव्हा एकालाही वाटलं नाही. मी नर्स म्हणून लागले, पक्की निघाले आणि त्याच आठवड्यात तिकडे रुजू झाले.

नाशिकची थंडी म्हणजे वॉर्डातलं रोजचं भांडण. पेठ-सुरगाण्याकडचे पेशंट घोंगडी डोक्यावरून घेऊन खिडक्या लावून घ्यायचे, मी उघडायचे, माझी पाठ वळली की ते पुन्हा लावायचे. मास्क आम्हाला कापडी मिळत. मोठे डॉक्टर राऊंडला आले की ते नाकावर चढत, एरवी हनुवटीखाली असत. तोंड बांधलं की पेशंटला वाटे, सिस्टरला आपली किळस येते. शिवाय चहा पिता येत नसे. खिडक्यांवरून मी सगळ्यांशी भांडले, मास्कवरून स्वतःशी कधी भांडले नाही.

ऐंशीच्या आसपास जनरल वॉर्डात एक आया लागली. दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे तिला सगळे मावशी म्हणत, मीही. वयाने ती माझ्याहून लहान होती. माहेर नांदगावकडचं, नवरा अंबडला कारखान्यात, पाळ्या बदलत्या. घरी आठ महिन्यांची मुलगी. जनरल वॉर्डात मावशीला रात्रपाळी असे आणि दोघांच्या रात्रपाळ्या एकत्र आल्या की मुलीला शेजारणीकडे टाकावं लागे. टीबी वॉर्डातल्या आयांना कायम दिवसपाळी होती, वर दुपारी पेलाभर दूध. ते दूध स्वतःच प्यायचं असा नियम होता. सगळ्या जणी ते धुतलेल्या औषधाच्या बाटलीत भरून घरी नेत.

तिने स्वतःहून टेस्ट करून घेतली. तीन दिवसांनी माझ्यासमोर हात धरला. बोट फिरवून पाहिलं, काही लागलं नाही. हात कोरा होता. तिलाही ते दिसत होतं.

“पट्टी तर तुमच्याच हातात हाय ना, सिस्टर,” ती म्हणाली.

मी रजिस्टरमध्ये चौदा मिलिमीटर लिहिलं. चौदाच का, ते आजही सांगता येणार नाही. दहापासून पुढे पक्का धरत; काठावरचं दहा लिहिलं तर कुणी पुन्हा बघायला मागेल, असं काहीतरी डोक्यात असावं. आपण एका बाईची सोय लावली याचा मला चांगला दीड-दोन महिने आनंद होता.

तिचं काम म्हणजे थुंकीचे डबे नेऊन ओतायचे, डबे उकळायचे आणि वॉर्ड झाडायचा. पेशंट तिच्यावर खूश असत, कारण ‘मावशी, गारठा लय हाय’ म्हटलं की ती खिडकी लावून द्यायची. मी रागावायचे. ती हो म्हणायची आणि लावायची. मुलगी बाळसं धरत होती, त्यामुळे मीही फार ताणून धरत नसे.

वर्षाने नवीन लागलेल्या नर्स मुलींच्या टेस्ट झाल्या. पक्क्यांची टेस्ट पुन्हा करत नसत, पण बाटलीत थोडं औषध उरलं होतं आणि माझ्या मनात खुटखुट होती. मी मावशीला टोचलं. तीन दिवसांनी बोटाखाली कडक गोळा लागला. पट्टी ठेवली, सोळा भरले. मी पट्टी पुन्हा ठेवून पाहिली, सोळाच. तिला मात्र हसू आलं. आता रजिस्टर खरं झालं सिस्टर, तुमच्या जिवाला घोर नाय, असं म्हणून तिने बाही खाली केली.

डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, मागे चौदा, आता सोळा, यात नवीन काय आहे? नवीन काय ते मला आणि मावशीलाच माहीत होतं. जंतू नुकताच शिरला असेल तर पहिली एक-दोन वर्षं जपायची असतात, हे मीच नव्या मुलींना शिकवत असे. दोन दिवस मी गप्प बसले. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन सांगून टाकलं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी मला यथेच्छ झापलं, चौदावर काट मारली आणि आत शिरलेला जंतू उठू नये म्हणून तिला आयएनएचच्या गोळ्या लिहून दिल्या. मेट्रनबाईंनी दुसऱ्याच दिवशी तिची बदली जनरल वॉर्डात केली, रात्रपाळीसकट. हात कोरा होता तेव्हा ती टीबी वॉर्डात होती आणि पक्का झाल्यावर तिला तिथून काढलं. यावर कुणी हसलं नाही, मीही नाही.

महिन्याच्या गोळ्या न्यायला ती माझ्याकडेच येई. पहिल्या खेपेला तिने पुडी पदरात बांधली. मुलगी कशी आहे म्हणून विचारलं, तर शेजारणीकडे असते म्हणाली.

“खोटं लिवलं तवा तुमी माझ्या म्हणण्यावरनं लिवलं, सिस्टर. खरं सांगितलं तवा इचारलं बी नाय.”

मला फार वाईट वाटलं, आणि विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती हेही मला माहीत होतं. गोळ्या रोज एकाच वेळी घ्यायच्या, एवढंच मी तिला सांगितलं.