ड्रायव्हरचं जेवण

शिरपूर आगारातून निवृत्त झालेले चालक भटू अहिरे मार्चमध्ये मुलाकडे अमेरिकेत गेले. त्यांच्या पत्नी रुक्माबाई त्याआधीच्या ऑगस्टमध्ये वारल्या होत्या. परतीचं तिकीट सप्टेंबरचं होतं. जुलैतल्या एका गुरुवारी मुलगा प्रशील म्हणाला, "आबा, उद्यापासून तीन दिवस फिरायला जाऊ. परत येईपर्यंत सांगा, इथंच राहायचं की शिरपूरला जायचं. राहायचं असेल तर कागद करावे लागतील. वकील थांबलाय."

आबा "बरं" म्हणाले. शिरपूरचं कुलूप लावलेलं घर आणि मुलाच्या फिनिक्समधल्या घरातली एसीची खोली, दोन्हींबद्दल त्यांना सारखंच वाटत होतं, म्हणजे काहीच नाही. ताट समोर आलं की जेवत, उचललं की उठत.

वाट चार तासांची, वाळवंटातली. दगड, काटेरी झुडपं आणि सरळ डांबर. प्रशीलनं वेग ठरवून दिला आणि पाय मागे घेतला. शेजारी बसलेल्या आबांच्या ते लगेच लक्षात आलं. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस गाडीत बसला की आधी दुसऱ्याचे पाय बघतो.

"पाय काबर काढा?"

"गाडी आपोआप वेग धरते, आबा."

"मंग तू काय करी राहिना?"

"मी लक्ष ठेवतो."

"ते तं मी बी करी राहिनू. माले पगार दे."

मागे बसलेली सून वृषाली खळखळून हसली. आबा हसले नाहीत.

गाव नदीकाठी होतं. वस्ती साक्रीसारख्या तालुक्याच्या गावाएवढी असेल, पण उंच हॉटेलं आठ-दहा, आणि प्रत्येकाच्या तळमजल्यावर जुगाराची यंत्रं. आत खिडकी नाही, घड्याळ नाही. पेन्शनीतले म्हातारे-म्हाताऱ्या ओळीनं बसून बटण दाबत होते. वृषालीनं वीस डॉलर घालून आबांनाही बसवलं. चित्रं फिरली, थांबली, पुन्हा फिरली. पंधरा मिनिटांत पैसे संपले.

"मजा आली का, आबा?"

"खुर्ची चांगली शे."

शनिवारी दुपारी दोघं खोलीत झोपलेले असताना आबा एकटेच खाली आले. हॉटेलच्या बाजूला प्रवाशांच्या तीन बस उभ्या होत्या. प्रवासी पुढच्या दारानं आत गेले, ड्रायव्हर बाजूच्या दारानं. शिरपूरजवळच्या मुंबई-आग्रा रोडवरच्या हॉटेलांतही हेच चालतं. बस थांबवणाऱ्या चालक-वाहकाला गल्ल्यामागच्या खोलीत फुकट जेवण असतं आणि तिथं प्रवाशाला प्रवेश नसतो. भूक लागली होती का, हे आबांना आजही सांगता येत नाही. पाय त्या बाजूच्या दाराकडं वळले, एवढंच ते सांगतात.

आत टेबलामागं बसलेल्या बाईनं विचारलं, "ड्रायव्हर?"

"येस. थर्टी वन इयर."

तिनं जेवणाचं कुपन दिलं. आबा ताट घेऊन बसले. समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जाडा ड्रायव्हर जेवत होता. बोलणं होण्यासारखं नव्हतं. आबा नेहमीसारखा, एसटी चालवून दुखरा झालेला डावा गुडघा चोळत होते. तो माणूस गुडघ्याकडं बघून म्हणाला, "क्लच."

"क्लच," आबा म्हणाले.

त्यानं घड्याळ पाहिलं आणि तो उठला. सवयीनं आबाही उठले, त्याच्याबरोबर बसपर्यंत गेले. बस गेली. आबा तिथंच उन्हात उभे राहिले. पाऊण तासानं प्रशीलला ते तिथं सापडले.

"फोन का नाही उचलला? कुठं होतात?"

त्यांनी सांगितलं. वृषालीनं कपाळावर हात मारला. "अहो आबा, ते बस घेऊन येणाऱ्यांसाठी असतं! तुम्ही कुठली बस आणली?"

"तिनी विचारं, ड्रायव्हर शे का. मी खोटं कोठे बोलनू?"

रविवारी परतताना प्रशीलनं विषय काढला. "मग काय ठरवलंत?"

"सप्टेंबरनं तिकीट राहू दे."

"तिथं कोण आहे? स्वयंपाक कोण करणार?"

"कोणी नही."

"मग कशासाठी जायचं?"

आबांनी प्रशीलच्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, "आठे मी तुना बाप शे. दुकानमा, दवाखानामा, सगळासले तू तेच सांगस. ते खोटं नही. पण तठे स्टँडवर गये तं लोक माले ड्रायव्हर म्हनतस. काल त्या बाईनी विचारं, तवय ध्यानमा उनं."

"एका जेवणावरून?"

"जेवण बेकार व्हतं."

"आणि घरी जाऊन बरं वाटेल तुम्हाला?"

"माहीत नही."

प्रशीलला राग आला होता. पेट्रोल भरायला थांबल्यावर त्यानं वकिलाला मेसेज केला, कागद करू नका, आणि फोन आबांपुढे धरला. मेसेज इंग्रजीत होता. आबांनी वाचल्यासारखं केलं आणि सीटबेल्ट लावला.